रोज एक मिलिमीटर

रविवारच्या पेपरातल्या वधू-वर जाहिराती वाचायची सवय आपल्यापैकी बऱ्याच जणींना असते. घरात लग्नाचं कुणी असो वा नसो! शिक्षण, नोकरी, रंग आणि त्या सगळ्यांच्या बरोबरीनं उंची. या दोन-चार इंचांपायी किती स्थळं परत जातात, याचा हिशेब कुणी ठेवत नाही. ज्या मुलीचं स्थळ परत जातं, ती मात्र तो मनात ठेवते.

म्हणूनच अंबरनाथच्या एका वाचक भगिनीचं पत्र आलं, तेव्हा मला फारसं नवल वाटलं नाही. मुलगी बावीस वर्षांची, उंची पाच फुटांच्या आत. तिनं मोबाइलवर पायाची हाडं लांब करण्याच्या ऑपरेशनचा व्हिडिओ पाहिला आणि आता घरात दुसरा विषय नाही. खर्च काही लाखांचा. लग्नासाठी ठेवलेली एफडी त्यासाठी मोडावी का, असं त्या माऊलीनं विचारलं आहे.

या प्रश्नाचं उत्तर मला एका माणसाच्या आयुष्यात सापडतं. हाड ओढून लांब करता येतं हे ज्यानं जगाला दाखवलं, आणि ते किती अन् कसं ओढायचं याची मर्यादाही ज्यानं घालून दिली, त्या रशियन डॉक्टरची ही गोष्ट. नाव गावरिल इलिझारोव. आपल्याकडे एखाद्याच्या पायाला लोखंडी कड्यांचा पिंजरा लावलेला दिसतो ना, त्याला डॉक्टर मंडळी आजही इलिझारोव म्हणतात. पण त्या पिंजऱ्यामागचा माणूस फारसा कुणाला ठाऊक नसतो.

डोंगरातलं पोर

गावरिलचा जन्म १५ जून १९२१ चा, तेव्हाच्या पोलंडमधल्या बेलोवेझा गावचा. ज्यू कुटुंब, सहा भावंडं, त्यात हा थोरला आणि घरात कमालीची गरिबी. पुढे हे कुटुंब वडिलांच्या गावाकडे, कॉकेशसच्या डोंगरातल्या कुसार इथं राहायला गेलं. हा भाग आज अझरबैजानमध्ये आहे. थोरल्या मुलाच्या वाट्याला जे येतं तेच गावरिलच्या वाट्याला आलं. शाळेपेक्षा काम आधी! शाळेचं तोंड त्यानं उशिराच पाहिलं, पण एकदा पाहिल्यावर मागच्या इयत्ता भराभर भरून काढल्या.

डॉक्टर व्हायचं त्याच्या मनात कसं आलं, याची एक गोष्ट सांगतात. लहानपणी त्यानं न धुतलेले पेअर खाल्ले. त्यावर कीड मारायचं औषध होतं. पोर अत्यवस्थ झालं. गावातल्या वैद्यकीय मदतनिसानं भरपूर पाणी पाजून, उलट्या करवून त्याला वाचवलं. मरणाच्या दारातून माणूस परत आणता येतो, हे त्या मुलानं स्वतःच्याच अंगावर अनुभवलं.

१९३९ मध्ये क्रिमियातल्या सिंफेरोपोलच्या मेडिकल कॉलेजात त्याला प्रवेश मिळाला. दोनच वर्षांत जर्मनीनं रशियावर हल्ला केला आणि अख्खं कॉलेज बाडबिस्तरा गुंडाळून कझाकस्तानात हलवावं लागलं. तिथंच १९४४ मध्ये तो डॉक्टर झाला. वय वर्षं तेवीस. आणि नेमणूक कुठे? मॉस्कोपासून जवळजवळ दोन हजार किलोमीटर पूर्वेला, सैबेरियाच्या कुर्गान भागातल्या एका खेड्यात!

नट, बोल्ट आणि हाडं

तुम्ही त्या खेड्यातला दवाखाना डोळ्यांपुढे आणा. हाताशी औषधं कमी, यंत्रं त्याहून कमी. आणि पेशंट? युद्धावरून परतलेले जवान. कुणाचं हाड महिनोन्‌महिने जुळत नाही, कुणाच्या हाडात पू झालेला, कुणाचा एक पाय आखूड राहिलेला. प्लॅस्टर घालायचं आणि वाट पाहायची, एवढाच उपाय. वर्षभर प्लॅस्टरमध्ये राहिलेला पाय बाहेर येई तो काठीसारखा. गुडघा वळत नाही, घोटा हलत नाही.

इलिझारोवांना वाटलं, हाड बाहेरून घट्ट धरलं, पण माणसाला चालूही दिलं तर? मग त्यांचे प्रयोग सुरू झाले. पायाभोवती धातूची कडी, हाडातून आरपार जाणाऱ्या बारीक ताणलेल्या तारा आणि कड्यांना जोडणारे आट्यांचे रॉड. अंबरनाथच्या एमआयडीसीत नाहीतर उल्हासनगरच्या वर्कशॉपमध्ये ज्यांच्या घरचं कुणी काम करतं, त्यांना आटे म्हणजे काय हे मी सांगायला नको. नट फिरवला की कडी जवळ येतात किंवा लांब जातात, इतकं ते साधं. १९५१ च्या सुमारास हे उपकरण तयार झालं. पुढच्याच वर्षी त्यांनी पेटंटसाठी अर्ज केला आणि १९५४ मध्ये ते मिळालं.

हाड लांब होण्याचा शोध मात्र चुकून लागला, असं सांगितलं जातं. न जुळणारी हाडाची दोन टोकं जवळ दाबून धरण्यासाठी एका पेशंटला रोज नट फिरवायला सांगितले होते. त्यानं ते उलट्या दिशेनं फिरवले! टोकं जवळ येण्याऐवजी लांब गेली. एक्स-रे काढला तर मधल्या फटीत नवं हाड धरू लागलेलं. दुसरा कुणी असता तर पेशंटवर रागावून मोकळा झाला असता. इलिझारोव त्या एक्स-रेपाशी थांबले, आणि पुढची कित्येक वर्षं त्यांनी त्याचाच पिच्छा पुरवला.

घाई केली की बिघडतं

माझ्या मते त्यांच्या कामाचा गाभा इथं आहे. हाड लांब होतं हे कळणं ही अर्धीच गोष्ट. किती वेगानं ओढायचं? प्राण्यांवर अनेक वर्षं प्रयोग करून त्यांनी त्याचं माप काढलं.

हाडाचं बाहेरचं कवच हलक्या हातानं कापायचं. मग लगेच ओढायचं नाही. पाच-सात दिवस थांबायचं, म्हणजे जखमेत कोवळं हाड धरू लागतं. त्यानंतर रोज एक मिलिमीटर, तोही एकदम नाही. सहा-सहा तासांनी पाव-पाव मिलिमीटर, असं दिवसातून चार वेळा. अर्धाच मिलिमीटर ओढलं तर हाड वेळेआधी जुळून बसतं, पुढे सरकतच नाही. दोन मिलिमीटर ओढलं तर नवं हाड नीट धरत नाही आणि स्नायू, शिरा, नसा यांना इजा होते.

आपण कणीक तिंबून, झाकून ठेवतो. मुरलेली कणीक हळूहळू ताणली तर ताणते, हिसका दिला की तुटते. तसंच हे. फरक इतकाच, की पायात एकटं हाड नसतं. हाड वाढू शकतं, पण त्याच्या भोवतीचे स्नायू, नसा आणि रक्तवाहिन्यांनाही तेवढंच लांब व्हावं लागतं. आणि त्या हाडाइतक्या तयारीच्या नसतात. म्हणजे उंचीची मर्यादा हाड ठरवत नाही, ती ठरवतात नसा आणि स्नायू. ही एक गोष्ट लक्षात ठेवली तरी आजचा लेख वाचल्याचं सार्थक!

मॉस्कोची टिंगल आणि उंच उडी

सैबेरियातल्या आडगावचा डॉक्टर काही नवीन सांगतो, हे मॉस्कोच्या बड्या डॉक्टरांना पटेना. हाडांवर नट-बोल्ट लावणारा मिस्त्री, अशी त्यांची टिंगल झाली. इलिझारोव वाद घालण्यापेक्षा पेशंट बरे करत राहिले. हातचलाखीचे जादूचे प्रयोग हा त्यांचा छंद होता. या माणसाच्या बोटांत काय कसब असेल, याची त्यावरून कल्पना येते.

नशीब पालटलं ते एका खेळाडूमुळे. वालेरी ब्रुमेल हा १९६४ च्या टोकियो ऑलिंपिकमधला उंच उडीचा सुवर्णपदक विजेता. १९६३ मध्ये त्यानं २.२८ मीटरचा जागतिक विक्रम केला होता. १९६५ मध्ये मोटारसायकलच्या अपघातात त्याच्या उजव्या पायाचा चुराडा झाला. ऑपरेशनवर ऑपरेशन झाली, पण हाड जुळेना आणि पाय आखूड झाला. १९६८ मध्ये तो कुर्गानला आला. इलिझारोवांनी हाड जोडलं, लांबी भरून काढली आणि ब्रुमेल पुन्हा दोन मीटरच्या वर उडी मारू लागला! सगळा देश हे पाहत होता. मग कोण हसणार? १९७१ मध्ये कुर्गानला इलिझारोवांची स्वतंत्र संशोधन संस्था सुरू झाली.

पश्चिमेकडच्या देशांना मात्र अजून पत्ता नव्हता. १९८० मध्ये कार्लो माउरी हा इटालियन गिर्यारोहक कुर्गानला आला. त्याच्या पायाचं जुनं मोडलेलं हाड अनेक वर्षं छळत होतं. तो बरा होऊन परत गेला तेव्हा त्याचे इटालियन डॉक्टर थक्क झाले. १९८१ मध्ये त्यांनी इलिझारोवांना इटलीत बोलावलं. तिथून हे तंत्र युरोपात, अमेरिकेत आणि आपल्याकडेही आलं. आपल्या महाराष्ट्रात अकोल्यासारख्या शहरात या उपचाराचं केंद्र उभं राहिलं, ही आपल्याला अभिमानाची गोष्ट.

२४ जुलै १९९२ रोजी कुर्गानमध्येच हृदयविकारानं त्यांचं निधन झालं. मोठं नाव झाल्यावरही हा माणूस राजधानीत जाऊन बसला नाही. पुढच्या वर्षी त्यांच्या संस्थेला त्यांचंच नाव दिलं गेलं.

धडधाकट पायावर कुऱ्हाड?

इलिझारोवांच्या दारात आलेले लोक बहुतेक चालू न शकणारे होते. अपघात, पोलिओ, जन्मतः आखूड पाय, जंतू शिरलेलं हाड. त्यांच्यासाठी हा पिंजरा म्हणजे वरदान. आजही आहे. घरातल्या एखाद्या मुलाचा एक पाय दुसऱ्यापेक्षा आखूड असेल, तर नशिबाला दोष देत बसू नका. फरक दोन सेंटिमीटरच्या आत असेल तर बहुतेक वेळा चपलेला जाड तळवा लावून भागतं. जास्त असेल तर हाडांच्या डॉक्टरांना नक्की दाखवा. उल्हासनगरच्या सरकारी मध्यवर्ती रुग्णालयातून सुरुवात करता येते. लहान मुलांसाठी परळचं वाडिया हॉस्पिटल आहे, मोठ्यांसाठी केईएम.

पण धडधाकट पाय केवळ उंचीसाठी कापून घ्यायचे, हा मामला वेगळा. त्यातलं गणित आपण पत्रातल्या मुलीसाठी मांडून बघू या.

नडगीचं हाड साधारण पाच सेंटिमीटर, म्हणजे जेमतेम दोन इंच वाढवणं ही बहुतेक जाणकार सर्जन मानतात ती मर्यादा. मांडीच्या हाडात आतून सळई घालून फार तर सहा ते आठ सेंटिमीटर. शिवाय मूळ हाडाच्या १५ ते २० टक्क्यांच्या पुढे गेलं की धोके झपाट्यानं वाढतात. पाच फुटी मुलीची नडगी साधारण ३३ सेंटिमीटरची. तिचे १५ टक्के म्हणजे पाचच सेंटिमीटर. म्हणजे बघा, उंची जितकी कमी तितकी वाढवायला जागाही कमी!

आता वेळ. पाच सेंटिमीटर म्हणजे रोज एक मिलिमीटरनं पन्नास दिवस नुसतं ओढणं. मग ते कोवळं हाड पक्कं व्हायचं. प्रत्येक सेंटिमीटरला एकूण एक ते दीड महिना धरतात. म्हणजे पाच ते सात महिने, कधी त्याहून जास्त. पूर्वीसारखं धावायला वर्षही लागतं. बदलापूरहून रोज लोकल पकडणाऱ्या मुलीनं याचा विचार करावा. स्टेशनचा जिना, गर्दीचा रेटा, डब्याची उंच पायरी. हे सगळं तितके महिने बंद. नोकरी कोण धरून ठेवणार? आंघोळीपासून संडासापर्यंत मदत कोण करणार? अर्थातच आई.

आणि धोके. बाहेरच्या तारांच्या जागी जंतुसंसर्ग तर नेहमीचाच. पोटरीचे स्नायू आखडून टाच जमिनीला टेकत नाही, मुलगी चवड्यावर चालू लागते. नस ताणली गेली तर पायाचा पंजा वर उचलता येत नाही. गुडघा आखडतो. हाड वाकडं जुळतं किंवा जुळतच नाही, मग पुन्हा ऑपरेशन. गुडघ्या-घोट्याच्या सांध्यांवर दाब येऊन ते लवकर झिजण्याची भीती. पायात रक्ताची गाठ होऊन ती फुप्फुसात गेली तर जिवावर बेततं. मांडीच्या हाडात सळई घालताना मज्जेतली चरबी रक्तात गेली तरी तेच. आणि दिवसरात्रीचं दुखणं, झोप उडणं, मन खचणं यांचा तर व्हिडिओ कुणी काढत नाही.

आता पिंजरा नको, आत चुंबकानं लांबणारी सळई आहे, असं सांगतात. ते खरं आहे. त्यानं बाहेरच्या जखमा टळतात. पण रोजचा एक मिलिमीटर टळत नाही, नसाही त्याच राहतात. शिवाय पायावर लवकर भार देता येईल म्हणून गाजलेली अशीच एक स्टीलची सळई २०२१ मध्ये कंपनीला बाजारातून मागे घ्यावी लागली. तिच्या सांध्यापाशी गंज आणि आजूबाजूच्या हाडात बदल दिसू लागले होते.

केवळ उंचीसाठी होणारी ही ऑपरेशनं चीननं २००६ मध्येच बंद केली, कारण बरेच तरुण-तरुणी त्यात कायमचे अधू झाले. २०१६ मध्ये हैदराबादला विशीतल्या एका तरुणानं घरी न सांगता दोन्ही पायांवर हे ऑपरेशन करून घेतलं. आई-वडील त्याला शोधत पोलिसांकडे गेले, तेव्हा तो हॉस्पिटलमध्ये सापडला. गाजलेल्या त्या प्रकरणाची पुढे मेडिकल कौन्सिलकडून चौकशी झाली.

मैत्रिणींनो, मी स्वतः चार फूट अकरा इंच. फडताळाच्या वरच्या फळीवरचा डबा काढायला मला आजही स्टूल लागतं. म्हणून उंचीवरून मुलीच्या मनाला काय लागतं, ते मला कळत नाही असं नाही. तिच्या दुःखाला हसू नका. पण ते दुःख पायात नसतं. मापाची पट्टी घेऊन येणाऱ्यांनी ते तिच्या मनात घातलेलं असतं. मन खूपच खात असेल तर समुपदेशकाकडे आधी जा, सर्जनकडे मागाहून. कितीही उंची वाढली तरी समाधान न होण्याचा मनाचा आजारही असतो आणि त्याला हाड कापणं हे औषध नाही.

आणि ज्यांच्या मुली अजून लहान आहेत त्यांच्यासाठी. पाळी सुरू झाल्यावर मुलगी साधारण पाच-सात सेंटिमीटरच वाढते आणि दोन-अडीच वर्षांत वाढ थांबते. हाडांच्या टोकांच्या वाढीच्या पट्ट्या एकदा बंद झाल्या की कुठल्याच पावडरीनं, गोळीनं किंवा लटकण्यानं उंची वाढत नाही. मुलगी वर्गात फारच मागे पडत असेल तर आठव्या-नवव्या वर्षीच बालरोगतज्ज्ञांना दाखवा. पैसे घालायचे तर दूध, डाळ, अंडी, नाचणी यांत घाला.

तरीही कुणी ठाम असेल, तर सही करण्याआधी डॉक्टरांना एवढं विचारा:

* अशी किती ऑपरेशनं तुम्ही स्वतः केलीत? त्यातल्या किती जणांना दुसरं ऑपरेशन लागलं?
* नस ताणली जातेय असं दिसलं तर ठरलेली उंची होण्याआधीच थांबाल का?
* रोजची फिजिओथेरपी कुठे होणार आणि किती महिने?
* गुंतागुंत झाली तर वाढीव खर्च कुणाचा? सौंदर्यासाठीच्या ऑपरेशनचा खर्च आरोग्य विमा सहसा देत नाही.
* मिश्री, तंबाखू, सिगारेट, गर्भनिरोधक गोळ्या, आधीचे आजार हे सगळं डॉक्टरांना सांगितलंत का? तंबाखूनं हाड जुळायला उशीर होतो, तर काही गोळ्यांनी रक्ताच्या गाठीचा धोका वाढतो.

जो डॉक्टर या प्रश्नांनी चिडेल किंवा चार-पाच इंच सहज वाढवून देतो म्हणेल, तिथून सरळ उठावं. अंबरनाथच्या ताईंना माझं सांगणं इतकंच, की एफडी मोडू नका. ती मुलीच्या शिक्षणाला लावा. ज्या माणसानं हे तंत्र शोधलं, त्यानं आयुष्य घालवलं ते न चालणाऱ्यांना चालतं करण्यात. चालत्या मुलीला खाटेवर निजवण्याआधी शंभरदा विचार करावा, इतका तरी मान त्याच्या एका मिलिमीटरला द्यायला हवा.